गुंडोपंतांची ओळख

कुत्र्याला मागचा जन्म आठवतो. मी एकवीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आहे आणि पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. पुरावा मी डोळ्यांनी पाहिला आहे. स्थळ नाशिक, वेळ ऑक्टोबर २००३ मधल्या एका गुरुवारी संध्याकाळी सहाची. पुरावा देणाऱ्या कुत्र्याचा डावा कान अर्धाच होता आणि तोवर त्याला तेरा घरमालकांनी नाकारलेलं होतं.

चौदावे घरमालक माझ्यासमोर वेताच्या खुर्चीत बसले होते.

“भालेराव म्हणजे कुठले भालेराव?” गर्गेकाकांनी विचारलं.

“संगमनेरचे.”

“तसं नाही हो. म्हणजे... कुलदैवत?”

“माहूरची रेणुका.”

“हं. ती पुष्कळांची असते. मुंज कितव्या वर्षी झाली तुमची?”

“आठव्या.”

गर्गेकाका खुर्चीत सैलावले आणि आतल्या दिशेला ओरडले, “अगं, चहा टाक!”

गर्गेकाका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखल्यामुळे बोलतानाही त्यांचा हात हवेत खुणेचे दगड रोवत असे. “तुमची हद्द जिन्याच्या पहिल्या पायरीपासून. गच्ची सामाईक, पण दोरी आमची. अंगणातली तुळस आमची, कडीपत्ता निम्मा तुमचा.” मी प्रत्येक दगडाला मान डोलावत होतो. फाटकावरची पाटी मी आत येताना वाचलेली होती:

‘वरचा मजला भाड्याने देणे आहे. फक्त शाकाहारी कुटुंबास. कुत्री, मांजरे, पक्षी, विद्यार्थी व बॅचलर यांनी चौकशी करू नये.’ आणि खाली, वेगळ्या रंगात मागाहून वाढवलेलं: ‘मासे शोभेचेही चालणार नाहीत.’

हे घर मला सुचवलं ते आमच्या कॉलेजातल्या मुनीर सय्यद सरांनी. ते गणित शिकवत. तेही त्या वेळी घरच शोधत होते. स्टाफरूममध्ये त्यांनी मला एक चिठ्ठी दिली आणि म्हणाले, “भालेराव, ह्या नंबरवर फोन करा. घर चांगलं आहे. सकाळी मी केला होता. नाव सांगितलं, तर म्हणाले कालच दिलं.”

“मग मी कशाला करू?”

“तुम्ही करून तर बघा.”

मी केला. काल दिलेलं घर आज रिकामं होतं. मी सय्यद सरांना तसं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “ही तर सोपी सिद्धता झाली,” आणि वर्गावर गेले.

तर मी गर्गेकाकांच्या ओसरीत बसलो होतो, आणि माझी बायको संज्योत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी गुंड्याची साखळी धरून उभी होती. हे तिनेच ठरवलं होतं. पहिल्या बारा घरांत आम्ही प्रामाणिकपणा करून पाहिला होता. एका मालकाचा स्वतःचाच भला मोठा अल्सेशियन होता. ते म्हणाले, “सॉरी, आमच्या टायगरला कुत्री आवडत नाहीत.” एका सोसायटीत कुत्र्याला परवानगी होती, पण लिफ्ट फक्त मेंबरांसाठी होती आणि जिना नुकताच रंगवलेला होता. एका बाईंनी विचारलं, “फार भुंकतो का?” मी म्हटलं, “अजिबात नाही.” तर त्या म्हणाल्या, “मग काय उपयोग?” आणि दार लावून घेतलं. तेराव्याला आम्ही कुत्र्याचं सांगितलंच नाही. पण बोलणी चालू असताना गुंड्याने स्वतःच सांगितलं, मालकांच्या धोतराला.

आमच्या जुन्या मालकांनी फ्लॅट विकला होता आणि रविवारी आम्हाला बाहेर पडायचं होतं. माझ्या मेव्हण्याने सिन्नरच्या शेतावर कुत्रा न्यायची तयारी दाखवली होती. कांद्याच्या चाळीला बांधून ठेवू म्हणाला.

“मग मलाही तिथेच बांध,” संज्योत भावाला म्हणाली होती. ही बाई बोलते तसं करते, हे लग्नाच्या सातव्या वर्षापर्यंत मला कळून चुकलं होतं. त्यामुळे रविवारपर्यंत घर मिळालं नसतं तर मी नाशकात आणि माझी बायको सिन्नरच्या चाळीत, असा संसार होणार होता.

गुंड्या आमच्याकडे आला तो जूनमध्ये. स्टँडमागच्या रस्त्यावर, संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात तिथे, त्याला रिक्षाने उडवलं होतं. संज्योतने त्याला साडीच्या पदरात गुंडाळून घरी आणला. बरा झाल्यावर आम्ही दोन महिने त्याला शेकहँड शिकवत होतो. ग्लुकोज बिस्किटांचे ढीगभर पुडे त्यात संपले. तो बिस्किट खायचा आणि कॉपी करताना पकडलेल्या पोराकडे मी बघतो तसा आमच्याकडे बघायचा. पाय मात्र कधीही उचलला नाही. परक्या माणसाकडे जाणं तर दूरच. पोस्टमन, दूधवाला, माझी आई, सगळ्यांवर तो सारख्याच निष्ठेने गुरगुरायचा.

“शाकाहारी ना?” गर्गेकाकांनी विचारलं.

“पूर्ण.”

“अंडं?”

“छे, छे.” सकाळीच दोन खाल्ली होती. माणूस गरजेला काय बोलेल सांगता येत नाही.

“आजकाल लोक अंड्याला शाकाहारी म्हणायला लागलेत. मी स्पष्ट सांगतो भालेराव, ह्या वास्तूत अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. आधीच्या भाडेकऱ्याने एकदा सुकट भाजली. तीन महिने उदबत्तीचा उपयोग होत नव्हता. हाकलला त्याला. आणि प्राणी?”

“म्हणजे?”

“पाळलेले. पाटी वाचली ना? जनावराला सोवळं-ओवळं नसतं. बाहेर काय खाऊन येईल, कुठे तोंड घालेल, काय भरवसा? दिवसभर घरात शहाण्यासारखं बसणार आणि संध्याकाळी उकिरडा फुंकून येणार. मला असलं दुटप्पी वागणं खपत नाही.”

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते मला आजही माहीत नाही, कारण तेवढ्यात फाटक वाजलं. पाठोपाठ संज्योतची हाक आली, “गुंड्या! अरे, थांब!” आणि साखळी फरफटवत गुंड्या अंगणातून सरळ ओसरीवर चढला.

मी डोळे मिटले. धोतर नव्हतं, पण पायजमाही फाटतोच. काहीच आवाज आला नाही म्हणून उघडले.

गुंड्या गर्गेकाकांच्या पुढ्यात ताठ बसला होता. शेपटी ओसरीची फरशी झाडत होती. घशातून तो असा काही बारीक आवाज काढत होता, जसा बालमित्र तीस वर्षांनी भेटला तर माणसाने काढावा. मग त्याने पुढचा उजवा पाय उचलला आणि अगदी अलगद काकांच्या गुडघ्यावर ठेवला.

दोन महिने आणि ढीगभर ग्लुकोजचे पुडे. मी बघतच राहिलो.

“हाड,” काका म्हणाले. अनोळखी कुत्र्याला माणूस दणदणीत आवाजात हाड म्हणतो. काकांनी ते कानात सांगितल्यासारखं म्हटलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “हाड रे. जा ना.”

गुंड्याने पाय काढून पुन्हा ठेवला.

“अहो!”

दारात इंदूकाकू उभ्या होत्या. हातात चहाचा ट्रे, कपाळावर ताजा अंगारा. ट्रे त्यांनी जमिनीवरच ठेवला.

“अहो, आज गुरुवार.”

“माहितीये मला.”

“सोळावा. आज माझं उद्यापन. आत्ता आरती करून उठतेय मी, आणि दारात हे.” त्यांनी हात जोडले. कोणाला, ते मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांच्या मागे भिंतीवर दत्ताची तसबीर होती. तीन शिरं, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार कुत्री. त्यातलं एक तर थेट तपकिरी होतं.

“तुम्हाला ओळखतोय तो,” काकू म्हणाल्या.

“मला? मी कुठे जातो कुत्र्यांत?”

“मग उजवा पाय का देतोय? कोणाला देतो का हा असा?” हे संज्योतला. ती धापा टाकत ओसरीच्या पायरीशी पोचली होती.

“नाही हो,” संज्योतने खरं ते सांगितलं. “कोणालाच देत नाही. आम्हालासुद्धा नाही.”

“ऐकलंत? गुरुवारी संध्याकाळी, आरतीच्या वेळेला, सोळाव्या गुरुवारी! आणि मी काय मागितलं होतं दत्ताकडे ठाऊक आहे? चांगला भाडेकरू मिळू दे, एवढंच मागितलं होतं हो मी.”

दत्तगुरूंनी भाडेकरूसाठी स्वतः रदबदली केल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग कुत्र्याच्या अर्ध्या कानाकडे. मग संज्योतला विचारलं, “कुठला म्हणालात हा?”

“स्टँडच्या मागचा. त्या गाड्या लागतात ना, तिथला.”

गर्गेकाकांचा चेहरा हळूहळू चुन्यासारखा झाला. मी ते भक्तीच्या खात्यात जमा केलं.

“असेल,” ते म्हणाले. “मागच्या जन्मीचा काही ऋणानुबंध असेल.”

“नाव काय ह्यांचं?” काकूंनी विचारलं. ‘ह्यांचं’ म्हणजे गुंड्याचं.

“गुंड्या,” संज्योत म्हणाली.

“असं नका बाई म्हणू. गुंडोपंत म्हणू आपण. काय घेतात ते?”

“दूधभात,” मी म्हणालो. दुसरं काहीच नसेल तर तो दूधभातही घेत असे, एवढं त्यात सत्य होतं.

रविवारी आम्ही राहायला गेलो. सामान चढत असताना काका शिडी लावून फाटकावरच्या पाटीतल्या ‘कुत्री’ ह्या शब्दावर पांढरा रंग मारत होते. मांजरे, पक्षी, विद्यार्थी, बॅचलर आणि शोभेचे मासे जागच्या जागी राहिले.

माणसाला भाड्याच्या घरात किती सुख मिळू शकतं, हे त्यानंतरचे सहा आठवडे मी पाहिलं. ते गुंड्याला मिळत होतं. सकाळी साजूक तुपाचं बोट लावलेला दूधभात खालून येई. दर गुरुवारी संध्याकाळी काकू जिन्याखालून हाक मारत, “गुंडोपंतांना पाठवता का हो?” मग आरती होई. गुंडोपंत दत्ताकडे पाठ करून काकांसमोर बसत आणि उजवा पाय देत. काकूंच्या डोळ्यांत पाणी येई. काका तो पाय हातात घेत आणि छताकडे बघत.

आम्हा माणसांकडे मात्र कोणी फारसं बघत नव्हतं. आमच्या मोरीचा नळ गळत होता. मी दोनदा सांगितलं, काही झालं नाही. शेवटी संज्योत काकूंना म्हणाली, “गुंडोपंतांचे पाय धुवायला पाणीच नसतं हो सकाळी.” तासाभरात प्लंबर आला.

एकच गोष्ट मला खटकत होती. इतर दिवशी फाटकाशी गाठ पडली की काका आणि गुंड्या यांच्यात काहीतरी चाले. मंगळवारी आणि शनिवारी काका संध्याकाळी ‘पाय मोकळे करायला’ जात आणि तासाभराने लवंग चघळत परत येत. त्या दोन दिवशी गुंड्या फाटकात त्यांची वाट बघत बसे. ते आले की त्यांचा उजवा हात हुंगून काढी, बोटं एकेक करून. “हाड रे, हळू,” असं पुटपुटत ते हात पाठीमागे घेत. काकू खिडकीतून हे बघत आणि मला सांगत, “बघा, दोघांचं काहीतरी बोलणं होतं. आपल्याला कळायचं नाही ते.”

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी संज्योत माहेरून बसने येणार होती. तिला आणायला म्हणून मी गुंड्याला घेऊन स्टँडवर गेलो. बस लेट होती. साडेसात वाजले असतील. मागच्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागले होते, आणि कांदा तव्यावर पडल्याचा वास आला तसा गुंड्याने मला ओढलं. मी म्हणजे मागे बांधलेलं सामान, अशा हिशेबाने त्याने मला चार गाड्या ओलांडून पाचव्या गाडीशी नेलं. गाडीवर पाटी होती: ‘पंढरी अंडाभुर्जी सेंटर’.

गाडीच्या अंधाऱ्या बाजूला कानटोपी घातलेला एक माणूस पाठमोरा उभा राहून प्लेटमधून खात होता.

“आरं, राजा आला!” गाडीवाला ओरडला. “काका, बघा तरी! तुमचा राजा! मला वाटलं मेला रिक्षाखाली!”

गुंड्या त्या कानटोपीसमोर जाऊन ताठ बसला. उजवा पाय उचलला. कानटोपीवाल्याचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने आपोआप खाली आला. पावाचा तुकडा, त्यावर भुर्जीचा घास. गुंड्याने तो घेतला आणि पाय पुन्हा दिला. दुसरा घास देताना कानटोपीची नजर साखळीवर गेली. साखळीवरून माझ्या हातावर. हातावरून वर.

“भालेराव,” गर्गेकाका म्हणाले.

“काका.”

तव्यावर उलथनं वाजत होतं.

“तुम्ही इकडे कसे?”

“गुंडोपंतांनी आणलं.”

त्यांनी प्लेट खाली ठेवली, मग विचार बदलून उचलली. “औषध आहे हे. बी-बारा कमी आहे माझं. डॉक्टरांनीच सांगितलंय. घरी सांगितलंय की पाय मोकळे करायला जातो.”

“कधीपासून कमी आहे?”

“चौऱ्याऐंशीपासून.”

“तेव्हा बी-बारा मोजत होते?”

“मोजत नसतील,” काका ताडकन म्हणाले. “कमी तर होतं ना!”

“काकांचा दोन पिढ्यांचा संबंध आहे आपल्या गाडीशी,” पंढरी कौतुकाने म्हणाला. “आधी आमचे वडील होते. हा राजा त्यांच्या पायाशीच मोठा झाला. पाय द्यायला काकांनीच शिकवला. महिना लागला होता, दर खेपेला एक अंडं.”

“पंढरी, तू तुझं काम कर.”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. “भालेराव, हिला कळलं तर मी घरात राहू शकणार नाही. अंड्याचं एक वेळ सोसेल ती. पण सोळा गुरुवार वाया गेले म्हणेल. ते नाही सोसायची.”

खरं तर ह्या ठिकाणी मला चीड यायला हवी होती. तेरा घरांची, मुंजीची, हवेतल्या खुणेच्या दगडांची. पण मला आठवत होती ती कांद्याची चाळ.

“आमचा करार अकरा महिन्यांचा आहे,” मी म्हणालो.

“आणखी अकरा.”

“आणि कडीपत्ता?”

“सगळा घ्या.” मग पंढरीकडे वळून, अगदी घरमालकाच्या आवाजात, “प्रोफेसरांना एक भुर्जी दे रे. तिखट चालतं ना तुम्हाला?”

मी शाकाहारी आहे हे ते विसरले होते. मीही विसरलो. भुर्जी उत्तम होती. त्या गाडीभोवती असलेल्या सगळ्यांत खोटं न बोललेला एकटा गुंड्या होता, आणि तोही तोंड भरलेलं असल्यामुळे गप्प होता. संज्योतची बस आली तसा मी निघालो, तेव्हा काकांनी खिशातून दोन लवंगा काढून एक मला दिली.

तिथेच हे मिटायचं. पण डिसेंबरात दत्तजयंती आली आणि काकूंनी कॉलनीतल्या तीस बायकांना बोलावलं. ‘गर्गेंकडे दत्ताचा कुत्रा आहे’ ही बातमी तोवर कॉलनी ओलांडून गेलेली होती. ओसरीवर सतरंजी, मध्ये पाट, पाटावर काका, समोर गुंडोपंत झेंडूच्या माळेत. पाळणा झाला, सुंठवडा वाटला. मग काकू सद्गदित होऊन म्हणाल्या, “आता बघा हं.”

गुंड्याने पाय उचलला. बायकांनी श्वास रोखले. आणि पाय तसाच हवेत ठेवून त्याने मान वळवली, फाटकाकडे हुंगलं, माळेसकट उठला आणि धावला.

फाटकात पंढरी उभा होता. धुतलेला सदरा, हातात नारळ. दर्शनाला आलेला. कोणाच्या घरी आलोय, ह्याची त्याला अजिबात कल्पना नव्हती. गुंड्याने त्याच्यासमोर बैठक मारली आणि पाय दिला.

“अग्गबाई!” काकू म्हणाल्या. “हा ह्यांनाही ओळखतो!”

तीस माना फाटकाकडे वळल्या, आणि तिथून सावकाश पाटावरच्या काकांकडे. काकांच्या हातातला सुंठवडा सतरंजीवर सांडत होता. संज्योतने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी तिला सगळं सांगितलेलं होतं.

“भाऊ, तुम्ही ह्यांना कुठे पाहिलंत का हो?” काकूंनी काकांकडे बोट दाखवून पंढरीला विचारलं.

पंढरीने पाटाकडे पाहिलं. झेंडूच्या माळेकडे पाहिलं. तीस बायकांकडे पाहिलं. एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक म्हणजे काय, हे धंदा करणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्याने नारळ कपाळाला लावला.

“ह्या जन्मी नाही बघा, माउली,” तो म्हणाला. “मागच्या जन्मी आम्ही तिघं एका जागी असू.”

“कुठे?”

“गाणगापुरात असू.”

बायकांतून एक हुंकार फुटला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. “आणि ह्या जन्मी काय करता?”

“लोकांची सेवा. संध्याकाळी सात ते अकरा.”

काकूंनी त्याला प्रसाद दिला. फाटकाबाहेरच, वरून हातावर टाकून. कारण त्या सोवळ्यात होत्या, आणि गाणगापूर झालं तरी आडनाव विचारायचं राहिलं होतं.

त्या घरात आम्ही चार वर्षं राहिलो. करार अकरा-अकरा महिन्यांनी आपोआप वाढत गेला. मंगळवारी आणि शनिवारी मीही पाय मोकळे करू लागलो. मग आम्ही स्वतःचा फ्लॅट घेतला. काकूंनी निरोपाला गुंडोपंतांना ओवाळलं आणि आम्हाला नारळ दिला.

सय्यद सर तोवर तीन घरं बदलून चौथं शोधत होते. मी स्टाफरूममध्ये त्यांना म्हणालो, “आमची जागा रिकामी होतेय. ह्या वेळी मी स्वतः शब्द टाकतो. गर्गेकाका माझं ऐकतात.”

“का ऐकतात?”

“ऋणानुबंध आहे.”

ते हसले. त्या दिवशी कोणाचा तरी वाढदिवस होता आणि टेबलावर केक होता. सय्यद सर केक कधी घेत नसत. एकदा घेतला की आपल्यालाही आणावा लागेल म्हणून घेत नाहीत, असं आम्ही सगळे समजून होतो. “बघा विचारून,” ते म्हणाले. “माझ्याकडे कुत्रा नाही, मांजर नाही, मासासुद्धा नाही म्हणावं.”

शनिवारी मी गाडीवर विषय काढला.

“सय्यद?” गर्गेकाकांनी घास घेतला. “नाही हो भालेराव. माणूस चांगला असेल, तुम्ही म्हणता म्हणजे असेलच. पण ते लोक घरात अंडी करणार. आमच्या वास्तूत टरफलसुद्धा चालत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.”

“काका, तुमच्या घरात कुत्रा चालला.”

“कुत्र्याचं वेगळं. मुकं जनावर, त्याला कुठे काय कळतं?” त्यांनी प्लेट पावाने निपटून काढली आणि शेवटचा घास खाली वाकून गुंड्याला दिला. गुंड्याने पाय पुढे केला. “पंढरी, प्रोफेसरांना अजून एक दे.”

चार वर्षांपूर्वी कडीपत्त्यासाठी जे वाक्य मला सुचलं होतं, तेच इथेही चाललं असतं. काकूंचं नाव नुसतं घेतलं असतं तरी पुरलं असतं. पण दुसरी प्लेट आली होती आणि गरम होती, आणि तोंडात घास असताना बोलू नये असं लहानपणी शिकवलेलं आहे.

सोमवारी मी सय्यद सरांना म्हणालो, “जागा कालच गेली हो.”

“हो का?” ते म्हणाले, आणि वर्गावर गेले.

तो मजला पुढे दोन वर्षं रिकामा होता. सय्यद सरांना अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, लहानपणापासून.